फुलीचं घर

मावशी रुपयांचा हिशेब विड्यांत करते. नव्या पेठेतल्या खेळण्यांच्या दुकानात मी एक चौकोनी खोका उलटा करून किंमत वाचली, तेव्हा मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "पाच दिवसांच्या विड्या झाल्या ह्या."

"मावशी, विड्या वळायचं सोडून तुला चार वर्षं झाली."

"सोडलं म्हणून भाव विसरायचा व्हय?"

आम्ही कुंभारीहून सकाळच्या बसनं सोलापुरात आलो होतो. मावशीचा बिडाचा तवा तडकला होता, त्यामुळे नवा तवा घ्यायचा आणि जमलंच तर गड्ड्याच्या जत्रेत एक चक्कर मारायची, एवढाच बेत. सिद्धेश्वराची यात्रा भरली होती, होम मैदानावर पाळणे उभे राहिले होते. तवा मधल्या मारुतीजवळ पंधरा मिनिटांत मिळाला. मी मात्र खेळांच्या दुकानात शिरले की लवकर बाहेर येत नाही, हे मावशीला ठाऊक नव्हतं.

माझं हे जुनं वेड. पुण्यात किराणा आणायला निघाले तरी वाटेत खेळांची फळी दिसली की पाय थबकतात. खालच्या रांगेत लुडो, सापशिडी, व्यापार, कॅरमच्या सोंगट्या. ही सगळी घरचीच मंडळी. त्यांच्या वरच्या रांगेत ओळख नसलेले खोके. खोका उलटा करायचा आणि पाठीवरचे तीन आकडे वाचायचे: किती जणांनी खेळायचं, वय किती हवं, किती मिनिटं लागतील. मग चित्रांवरून नियमांचा अंदाज बांधत राहायचं. घेतलाच पाहिजे असं काही नाही. पुस्तकाच्या दुकानात उभ्याउभ्या दोन पानं वाचतो, त्यातलाच प्रकार.

"किती मिनिटं लागणार ते खोका सांगतोय?" मावशीला हेच पटेना. "खेळणार आपण, आन् वेळ त्यानं ठरवायचा?"

"अंदाज असतो गं."

"गाडी हाय का ती, वेळेवर सुटायला?"

दुकानदार हसला आणि त्यानं रंगीत ठोकळा तिच्या हातात दिला. तिनं दोनदा फिरवला, रंग विस्कटले, तशी काहीतरी मोडल्यासारखा तो घाईघाईनं परत करायला लागली. मी तिला सांगितलं की हा बुडापेस्टच्या एर्नो रुबिक नावाच्या वास्तुकलेच्या प्राध्यापकानं 1974 मध्ये केला, आणि एकदा विस्कटलेले रंग पुन्हा जुळवायला त्याला स्वतःलाच महिनाभर लागला.

"ज्यानं केला त्यालाच येईना? मग इकायला कसा काढला?"

"म्हणूनच काढला."

ह्या उत्तरानं तिचं समाधान झालं नाही. तिनं तो ठोकळा काउंटरवर ठेवला आणि त्याच्याकडं पाठ केली.

मी शेवटी दोन वस्तू घेतल्या. तिच्या सहावीतल्या नातवासाठी व्यापार आणि माझ्यासाठी पाचशे तुकड्यांचं चित्रकोडं: कुठल्याशा परदेशी तळ्याकाठी तपकिरी छपरांची घरं. खोक्यावर आयएसआयचा छाप आहे ना, हेही पाहून घेतलं. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर तो 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचा आहे, असं मी म्हटलं, तर मावशी म्हणाली, "विडीच्या बंडलावर पण सरकारचं चित्र असतंय. बघून कोण सोडलंय?"

गड्ड्यात एका पथारीवर तारेची कोडी मांडली होती. एकमेकांत अडकलेले वाकडे खिळे, नालांमध्ये गुंतलेली कडी, असली. विकणारा पोरगा "बघा, बघा" म्हणत दोन बोटांत कोडं सोडवायचा आणि पापणी लवायच्या आत पुन्हा अडकवून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. गिऱ्हाईक ओढाओढ करायचं, हरायचं आणि पैसे काढायचं. मावशी तव्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत दहा मिनिटं बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सोडवताना बघू नको. तिथं त्यो हात पळवतोय. अडकवताना बघ. अडकवताना घाई करत नाही, कारण कुणी बघतच नाही."

तिनं ते वाकड्या खिळ्यांचं कोडं मागून घेतलं. पहिल्यांदा नाही जमलं. दुसऱ्यांदा तिनं खिळे अडकवायच्या चालीनं उलटे नेले, आणि दोन्ही खिळे तिच्या हातात सुटे झाले. आजूबाजूची पोरं ओरडली. विकणाऱ्यानं ते खिळे हळूच काढून घेतले आणि म्हणाला, "आजी, तुम्ही व्हा पुढं."

"घेऊ या का?" मी विचारलं.

"सुटलं की आता. घेऊन काय करू?"

वादाची ठिणगी इथं पडली, आणि अक्कलकोट रस्त्यानं बस कुंभारीला पोचेपर्यंत तो विझला नाही.

मावशीचं म्हणणं असं की कोडं म्हणजे उसनी आणलेली काळजी. सोडवली की संपली, मग त्या वस्तूत काही उरत नाही. खेळ वेगळा. खेळाला समोर माणूस लागतो, आणि माणूस संपत नाही. पण खेळ विकत आणायचा? तिला हे घरात हवा विकत आणण्यासारखं वाटत होतं. फरशी आहे, खडू आहे, चिंचोके आहेत. पैसे कसले मोजायचे?

"मावशी, घरचे म्हणतेस ते खेळसुद्धा दुकानातूनच आपल्याकडं परत आलेत," मी म्हटलं. "लुडो घे. मूळ आपली पचिशी. इंग्रजांनी ती नेली, पट आटोपशीर केला, कवड्यांच्या जागी फासा घातला आणि 1896 मध्ये लुडो नावानं पेटंट काढलं. लॅटिनमध्ये लुडो म्हणजे मी खेळतो. सापशिडीचंही तेच. आपला मोक्षपट होता, त्यात शिड्या पुण्याच्या आणि साप पापाचे. ज्ञानेश्वरांनी तो रचला असं आपल्याकडं सांगतात. विलायतेत जाऊन आला तेव्हा पापपुण्य धुऊन निघालं होतं, नुसते साप आणि शिड्या राहिल्या. पण परत आला म्हणून तर तुझा नातू खेळतो."

"धुऊन आणलेलं परत इकत घ्यायचं, म्हणजे धोब्याला दोनदा पैसे."

"नाहीतर काय उरतं ते सावंतवाडीला बघून ये. तिथली गंजिफा माहीत आहे? गोल पत्ते, लाखेचे, हातानं रंगवलेले. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 पत्ते, एकेका अवताराचे बारा. इतकी देखणी की माणसं हौसेनं घेतात."

"आन् खेळतात?"

मी खरं तेच सांगितलं. बहुतेक जण फ्रेम करून भिंतीवर लावतात.

"म्हणजे खेळाचा फोटो झाला. हार घालायचा राहिलाय फक्त," मावशी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. हा डाव तिचा होता, हे मला कबूल करावं लागलं.

मावशी राहते त्या वसाहतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण रात्री जे घडलं ते त्याशिवाय कळणार नाही. कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत, गोदूताई परुळेकरांच्या नावानं. आडम मास्तरांच्या, म्हणजे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरच्या विडी कामगार बायका त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या. काही पैसे केंद्राचे, काही राज्याचे, काही बायकांच्या पदरचे. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या मिळाल्या. त्यानंतर इथंच रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचं. त्यातली पहिली पंधरा हजार 19 जानेवारी 2024 रोजी कामगारांच्या हाती आली, तेव्हाही पंतप्रधान आले होते, वेगळ्या पक्षाचे. मावशी दोन्ही सभांना हजर होती. पूर्व भागातल्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत एकोणीस वर्षं भाडं भरल्यावर तिला हे घर मिळालं. दारावर तिचं नाव आहे. मावसोबांचं नाही.

जेवणं आटोपल्यावर मी सतरंजीवर व्यापारचा पट मांडला. नातू बँक झाला. सून, मी आणि मावशी. मावशीनं आधी काहीच विकत घेतलं नाही, नोटा नीट लावून मांडीखाली ठेवल्या. मुंबईवर आली तेव्हा आम्ही तिघांनी गळ घातली म्हणून घेतली. दोन फेऱ्यांनी नातू तिथं येऊन पडला.

"आजी, भाडं घे."

"कशाचं?"

"तुझ्या मुंबईत आलो ना मी."

"आलास तर राहा की. पोराकडनं भाडं घेत्यात व्हय?"

पुढच्या फेरीला ती माझ्या जागेवर आली. मी हात पुढं केला. तिनं नोटांकडं बघितलंही नाही. "मी देणार नाही. माझं देऊन झालंय."

सून तोंडाला पदर लावून हसत होती. नातू रडकुंडीला आला. नियमपुस्तिका काढून त्यानं मोठ्यानं वाचून दाखवली. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे लिहिलंय कुणी?"

हा प्रश्न मला कुणी याआधी विचारला नव्हता, पण उत्तर मला माहीत होतं. आपला व्यापार ज्याच्यावरून आला त्या मोनॉपलीची मुळं एका बाईच्या खेळात आहेत. एलिझाबेथ मॅगी, अमेरिकेतली. तिचा खेळ जमीनदाराच्या नावाचा होता आणि 1904 मध्ये तिला त्याचं पेटंट मिळालं. सगळी जागा एकाच्या हाती गेली की बाकीचे भाडं भरता भरता कसे भिकेला लागतात, हे लोकांना खेळता खेळता कळावं म्हणून तिनं तो केला होता. दोन तऱ्हांचे नियमही केले होते. एकात एकानं बाकीच्यांना धुऊन काढायचं. दुसऱ्यात एकानं कमावलं की सगळ्यांच्या पदरात काही पडायचं. पुढं तीस वर्षांनी चार्ल्स डॅरो नावाच्या माणसानं त्याच धर्तीचा खेळ स्वतःचा म्हणून पार्कर ब्रदर्स कंपनीला विकला. 1935 ची गोष्ट. तो गब्बर झाला. मॅगीबाईंचं पेटंट कंपनीनं पाचशेला घेतलं.

"पाचशे रुपये?"

"डॉलर."

"काय का असेना. मजुरी दिली, माल घेतला." मावशी थोडा वेळ पटाकडं बघत राहिली. "त्यो दुसऱ्या नियमांचा खेळ दुकानात हाय का?"

"नाही."

"बघ. फळीवर इकतंय तेवढंच येतंय. आन् तू म्हणतीस नवं सापडतंय."

मी चिडले. फळीवर फक्त लुटालूटच असते असं नाही, हे तिला कळायला हवं होतं. म्हणून मी तिला मॅट लीकॉकच्या खेळाबद्दल सांगितलं. 2008 मध्ये आला, नाव पँडेमिक. जगात चार रोग पसरत असतात. खेळणाऱ्यांपैकी कुणी डॉक्टर, कुणी संशोधक. एकमेकांविरुद्ध कुणीच नाही, सगळ्यांनी मिळून औषधं शोधायची. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. करोनाच्या आधी बारा वर्षं कुणाच्या तरी डोक्यात हे आलं होतं.

"सगळे मिळून जिंकायचं?"

"हो."

"त्याला खेळ कशाला म्हणायचं? त्याला युनियन म्हणत्यात."

त्या रात्री व्यापार पूर्ण झाला नाही. मावशी भाडं घेत नव्हती आणि देत नव्हती, त्यामुळे कुणाचं दिवाळं निघेना. साडेदहाला नातवानं बँक बंद केली. तिला मात्र खेळ फार आवडला होता. "संपला नाही म्हणून काय झालं? कुणाला घाई हाय?" असं ती अंथरुणावर पडल्यावरही म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लायवुडच्या फळीवर चित्रकोडं मांडायला घेतलं. मावशी तांदूळ निवडत बाजूला बसली. तिचं तोंड चालूच होतं, पण हातही मध्येमध्ये सुपातून फळीवर येत होते. मी रंग बघून तुकडे शोधत होते, ती कड बघून. विडीचं पान फर्म्याला लावून कापताना नजरेला जी सवय लागते तीच असावी. अर्ध्या तासात तिनं काठ पुरा केला. जॉन स्पिल्सबरी नावाच्या लंडनच्या नकाशेवाल्यानं 1760 च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून करवतीनं कापला, तिथून हे सुरू झालं, असं मी सांगत होते. मुलांना भूगोल शिकवायला.

"देश कापायचा आन् पोरांना म्हणायचं जोडा," मावशी म्हणाली. "चांगलं हाय."

दुपारपर्यंत चारशे नव्व्याण्णव तुकडे बसले. मधल्या घराच्या छपरात एक भोक राहिलं. खोका झटकला, सतरंजी उचलली, सुपातले तांदूळ पुन्हा निवडले, कॉटखाली बॅटरी मारली. तुकडा नव्हताच. खोक्यातच नव्हता.

"छप्पर गळायलंय," नातू म्हणाला. त्याच्या हातात मोबाइल होता आणि तो दोन तास आमच्याकडं फिरकलाही नव्हता.

मी वैतागले होते. तशात मावशीनं सुरू केलं. आमच्या खेळात असं नव्हतं, तुकडा हरवला तर दुसरा खडा ठेवायचा, विकतच्या वस्तूला तुम्ही बांधलेले, वगैरे. मला राहवलं नाही. "मावशी, आमच्या खेळात, आमच्या खेळात म्हणतेस. तू शेवटचा पट कधी मांडलास?"

ती आठवायला लागली. सुरुवातीला बोटं मोडून, नंतर नुसतीच. थोरला मुलगा झाला त्याआधी? नाही, तेव्हा दिवसाला हजार विड्या व्हायला लागत होत्या. लग्नाआधी? आईबरोबर दोघी बहिणी वळत होत्या, रात्री बंडलं बांधायची, पंचवीस-पंचवीसची. "नवव्या वर्षी मांडीवर सूप आलं," ती म्हणाली. "त्याच्या आधी खेळले असन."

पंखा फिरत होता. सुनेनं आतून भांड्यांचा आवाज थांबवला.

मला वाटलं होतं मी वाद जिंकेन. फरशीवरचा खेळ फुकट असतो, पण वेळ फुकट नसतो, हे मला म्हणायचं होतं. खोका पैसे घेतो, पण त्या पैशांबरोबर बसायचं निमित्तही देतो. आणलंय तर खेळू या, असं म्हणून घरातली बाई काम टाकून अर्धा तास बसू शकते. हे सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. त्याऐवजी मी तिला सांगितलं की पुण्यात माझ्या कपाटात एकतीस खोके आहेत आणि त्यातल्या अकरांचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. खेळायला माणसं जमत नाहीत. शनिवारी एकाला जमतं, रविवारी दुसऱ्याला.

"एकतीस?" मावशीनं मनात विड्या मोजल्या असाव्यात, पण आकडा बोलून दाखवला नाही.

शेजारच्या अक्का नेमक्या तेव्हा आल्या. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि त्या अजून विड्या वळतात. तव्याची किंमत विचारायला आल्या होत्या. मावशीनं विचारलं, "अक्का, लहानपणी काय खेळत होता तुम्ही?"

"अष्टाचम्मा," अक्का क्षणाचाही वेळ न घेता म्हणाल्या, आणि फरशीकडं अशा बघायला लागल्या की जणू रेघा तिथं आधीच होत्या.

अष्टाचम्मा म्हणजेच कानडीतला चौकाबारा, आणि आपल्याकडं ज्याला कुठं चल्लस आठ म्हणतात तो. पाच आडवी, पाच उभी, पंचवीस घरं. चार कडांच्या मधल्या घरांवर फुली, मधोमध फुली. चार चिंचोके सुपारीएवढ्या दगडानं टिचकावून, फरशीवर घासून अर्धे केले की एक बाजू पांढरी, एक काळी. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा हात पुन्हा आपलाच. सोंगट्या बाहेरच्या वाटेनं फिरवायच्या, समोरच्याची एक तरी मारल्याशिवाय आतल्या वाटेत शिरायचं नाही. खडू नातवाच्या दप्तरातून आला, बांगड्यांचे तुकडे सुनेच्या डब्यातून. शहाबादी फरशीवर खडूची रेघ इतकी ठसठशीत उठते की छापील पट त्यापुढं फिका वाटावा.

पहिली वीस मिनिटं मात्र नुसतं भांडण झालं. अक्कांच्या माहेरी लागोपाठ तीनदा चार पडले तर ते बाद. मावशी म्हणे, असलं काही नसतं, पडलं ते पडलं. एका घरात दोन सोंगट्या आल्या तर त्यांची जोडी धरायची की नाही, यावरून आवाज चढले.

"म्हणून नियमपुस्तिका लागते," मी म्हटलं.

"गप बस," दोघी एकदम म्हणाल्या.

अक्कांनी मध्येच वैकुंठपाळीचा विषय काढला. त्यांच्याकडची सापशिडी. साप भारी असायचे म्हणे, आणि शेवटचा साप अगदी वैकुंठाच्या दाराशी गिळायचा. त्यांच्या आजोबांच्या घरी तो पट कापडावर होता, खाटेखाली गुंडाळून ठेवलेला. मी पटकन विचारलं, आता कुठं आहे तो? अक्का म्हणाल्या, "पोतेरं केलं असंल कुणीतरी," आणि चिंचोके टाकले. आठ पडले. त्यांना आनंद झाला.

नातू मोबाइल घेऊनच येऊन बसला होता. "ह्याचं ॲप आहे का?" त्यानं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, कारण मावशीची सोंगटी मारायची त्याची पाळी होती आणि मावशी त्याला मुद्दाम चुकीची घरं मोजून दाखवत होती.

खेळताना मावशीची एक खोड लक्षात आली. फुलीच्या घरात बसलेल्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. मावशीची सोंगटी तिथं पोचली की ती हलवायचीच नाही. दुसरी पुढं करायची, तिला मार खाऊ द्यायची, पहिली तिथंच. असं केलं तर माणूस हरतो, आणि मावशी हरत होती.

"आजी, निघ की बाहेर!" नातू वैतागून म्हणाला.

"बसू दे रं तिला. लई दिवसांनी मिळालंय."

अक्का जिंकल्या. दुसऱ्या डावात सून खेळली आणि तिनं तिघांनाही धुतलं. हे तिला येतं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तिचं माहेर अक्कलकोटकडचं. "आम्ही खेळायचो की," एवढंच म्हणून ती चहा टाकायला उठली.

संध्याकाळी अक्का जायला निघाल्या तेव्हा मावशीनं त्यांच्याकडं विडीचं एक पान मागितलं. अक्कांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गठ्ठ्यातलं एक पोरीच्या हाती पाठवलं. मावशीनं कपाटाच्या वरच्या खणातून आपली कात्री काढली. चार वर्षं तेल नव्हतं, तरी आवाज न करता उघडली. छपराच्या भोकावर करंगळीचं टोक फिरवत तिनं त्याचा आकार बोटात घेतला, मग पान डाव्या हातात धरून, फर्मा नाही, रेघ नाही, एका दमात कापलं. दोन कान, दोन खाचा.

"मोठं झालं," मी म्हटलं. तुकडा भोकापेक्षा सुतभर जास्त होता.

"ओलं हाय अजून. वाळलं की आकसतं. आत्ता बरोबर कापलं तर उद्या पडंल."

रात्रभरात ते आकसलं. छपराच्या तपकिरीत ते पान असं मिसळून गेलं की नातवाला शोधायला दोनदा बोट फिरवावं लागलं. फक्त एक कड वाळून वर उचलली होती. मावशीनं ती दाबून पाहिली, पुन्हा उचलली. मग तिनं नवा तवा आणून त्या परदेशी घरांवर पालथा घातला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून सुनेला ओरडून सांगितलं, दुपारपर्यंत भाकऱ्या नाहीत, भात टाक.